इकडे ऊन

मुकीपाडा, सायवनजवळ
रविवार, ता. ९ फेब्रुवारी २०२५

हिरीबाय हिला दादाचा नमस्कार.

मोठ्या भावाने धाकट्या बहिणीला नमस्कार लिहू नये, आशीर्वाद लिहावा, असं चौथीत गुरुजींनी शिकवलं होतं. तेवढीच माझी शाळा. पण आशीर्वाद लिहायला हात उचलला नाही, म्हणून नमस्कारच राहू दे. माझी तब्येत आहे तशी आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतो, मग घेतली की नाही याची शंका येते, आणि दिवसभर त्याच काळजीने दाब वाढतो. तुझे गुडघे कसे आहेत ते नविनने सांगितलं.

फोन केला असता. पण मागे दोनदा माझा आवाज ऐकून तू फोन ठेवलास, म्हणून कागदावर लिहितो. कागद असा ठेवून देता येत नाही. हे पत्र नविनच्या जीपमधून येईल. तो रोज सायवनहून तलासरीला गाडी मारतो, माणूस भरवशाचा आहे, तरी पाकिटाला डिंक लावून वर भाताची शितं दाबली आहेत. तुला वाचता येत नाही, तेव्हा तुझी नात वाचून दाखवील. श्रुतिकाबाय, घरात दुसरं कोणी नसेल तेव्हा वाच, आणि हळू आवाजात वाच.

पत्राचं कारण असं. आजीच्या विहिरीचं काम निघालं होतं. गाळ काढला, कठडा नवा बांधला आणि बाजूला बोअर मारली. आता ग्रामपंचायत तिथे बोर्ड लावणार आहे. होळीला आपली माणसं वीटभट्टीवरून, गुजरातेतून घरी येतात, तेव्हा सगळ्यांसमोर तो उघडायचा. शाळेतले अनिकेत गुरुजी डहाणूचे आहेत, वडील त्यांचे रेल्वेत होते, मुलगा चांगला आहे. त्यांनी मजकूर लिहून आणला. मी उतरवून घेतला आहे: ‘कै. नवशीआय हाल्या यांनी या ओसाड माळावर पहिली वस्ती केली. कणसरी देवीच्या नवसासाठी त्यांनी चाळीस वर्षे मौनव्रत पाळले. त्यांच्या तपश्चर्येने खडकातून पाणी प्रकटले.’

खाली मी सही करायची. सगळ्यात मोठा नातू म्हणून. गुरुजी म्हणाले, “आजोबा, तुम्ही सांगितलंत तेच लिहिलंय. बरोबर आहे ना?”

मी म्हटलं, दोन दिवस ठेवा.

त्याला आता नऊ दिवस झाले. कागद गादीखाली आहे. झोपलो की टोचतो, म्हणजे कागद टोचत नाही, पण तसं वाटतं.

हिरी, आपली आजी कोण होती, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. ती होतीच, खडक असतो तशी. आता बोर्डाच्या निमित्ताने गुरुजी एकेक विचारतात आणि मला उत्तर येत नाही. तिचं माहेर कुठलं? माहीत नाही. नवशी हे नाव तर नवसावरून पडलं, मग आईबापांनी काय ठेवलं होतं? माहीत नाही. हाल्या आजा तिला कुठून घेऊन आला? रेल्वेच्या पुलासाठी दगड फोडायला गेला होता, तिकडून, एवढंच बा सांगायचा. तेव्हा या माळावर कोणी राहत नव्हतं. खाली ओढ्याकाठी वस्त्या, वर नुसता कातळ, उन्हाळ्यात प्यायला थेंब नाही. कारवीच्या कुडाची एक झोपडी त्या दोघांनी घातली. मग पाणी लागलं, आणि पाण्यामागून एकेक घर वर आलं. आज चौऱ्याहत्तर उंबरे आहेत.

आणि तिची भक्ती. ती आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिली आहे. उजाडताना विहिरीजवळच्या काळ्या खडकाला पाणी घालायची, हळद लावायची, कडुनिंबाचा टहाळा ठेवायची. मंगळवारी आणि शुक्रवारी खडकावर ऊन पडेपर्यंत तोंडात पाणी घेत नसे. माझ्या परवा प्रथमच लक्षात आलं की आसपासच्या सगळ्या पाड्यांवर देवाला शेंदूर लावतात. हळद फक्त आपल्याकडे. आपल्याला वाटतं देवीची रीतच ती. ही रीत कुठून आली असेल?

एक लहानशी गोष्ट विचारायची आहे. आजी खडकापाशी वाकून काही म्हणायची, असं तू एकदा सांगितलं होतंस. शब्द काय होते ते तुला आठवतात का? मला नीट आठवत नाहीत. आठवत असतील तर श्रुतिकाकडून चिठ्ठीवर लिहून नविनकडे दे. घाई नाही. पण लवकर दे.

तुझ्या लग्नाच्या वगैरे जुन्या गोष्टी मी इथे काढत नाही. पत्रात त्या कशाला.

काळजी घे. गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकून बांधावा.

देवजीदादा

*

मुकीपाडा
बुधवार, ता. २६ फेब्रुवारी २०२५

हिरीबाय,

तुझी चिठ्ठी पोचली. श्रुतिकाचं अक्षर सुरेख आहे. एकच ओळ, पण मी ती इतक्या वेळा वाचली की घडीवर कागद फाटला: ‘शब्द तुलाही माहीत आहेत, तूही तिथे होतास, मला कशाला विचारतोस.’

होय. मी तिथे होतो. शब्दही मला पाठ आहेत. साठ वर्षांत एक दिवस विसरलो नाही. विसरलो असं लिहिलं ते खोटं लिहिलं. बघ, माफी मागायला बसलो आणि पहिल्याच पत्रात पुन्हा खोटं.

आता खरं काय झालं ते सांगतो. बोअरच्या गाडीबरोबर परमुलखातली चार माणसं आली होती. काळीसावळी, लुंगीवाली, आपसात भराभरा बोलणारी. मी कठड्यावर बसून बघत होतो. एकाने दुसऱ्याला लांबून हाक मारली, “इक्कडे, इक्कडे!” आणि माझ्या हातातला चहा सांडला. तो शब्द त्याच ठोक्यात मी फक्त एका माणसाच्या तोंडून ऐकला होता. विचारायला उठेपर्यंत त्यांचं मशीन सुरू झालं आणि जेवणाच्या वेळी मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गेलेली.

म्हणून मी अच्छाडला, हायवेवरच्या नाक्यावर गेलो. नविन म्हणाला, “आबा, नाक्यावर साऱ्या देशाच्या गाड्या थांबतात. तिथे तुमचा माणूस सापडला नाय तर कुठंच नाय सापडणार.” तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी एका ढाब्यावर पंजाब्यांना विचारलं, ते हसले. एकाने मला भजी खायला घातली आणि म्हणाला, “बाबा, मंतर-वंतर है क्या?” दुसऱ्या दिवशी एक मारवाडी ड्रायव्हर म्हणाला की ही भाषाच नाही, तुम्हाला ऐकू कमी येतं. तेही खरं आहे, डावा कान गेला आहे माझा. तिसऱ्या दिवशी ढाबेवाल्याने लांबूनच मला हात केला. मिरच्यांची गाडी आली होती, तेलंगणाची. ड्रायव्हर चाकाच्या सावलीत बसून दात कोरत होता, साधारण पन्नाशीचा.

मी त्याला म्हटलं, एक वाक्य आहे, ऐक. आणि आजी जसं म्हणायची तसंच म्हटलं.

“नेने एल्लम्मा. इक्कडे उन्ना.”

त्याने तोंडातली काडी काढली. म्हणाला, “दादा, फिर से बोलो.”

पुन्हा म्हटलं.

“कौन बोलता था?”

“मेरी दादी.”

“आपकी दादी? आप तो इधर के आदिवासी लोग हो ना?”

मी म्हटलं, हो, अर्थ सांग. त्याने दोन्ही हात छातीला लावले आणि सांगितलं. नेने म्हणजे मीच. उन्ना म्हणजे आहे. इक्कडे म्हणजे, तो म्हणाला, “आपका भी वही है, इकडे.”

मीच आहे, यल्लम्मा. मी इकडे आहे.

हिरी, ऊन नव्हतं गं ते. आपण खडकावर ऊन पडलेलं बघत होतो, म्हणून आपल्याला ‘इकडे ऊन’ ऐकू आलं. ती रोज सकाळी ‘मी इकडे आहे’ म्हणत होती.

मग मी विचारलं, यल्लम्मा कोण? तो म्हणाला देवी आहे, त्यांच्या गावोगावी. मंगळवार-शुक्रवार तिचे. मी विचारलं, हळद? “हळदी, नीम का पत्ता, सब उसीका.” मग मला वाटलं सुटलो. आजी बोलत होती ती देवीशी, म्हणजे व्रत काही मोडलं नाही, बोर्ड खरा आहे, सही करून टाकू. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी पुन्हा विचारलं, देवीलाच म्हणत असेल ना? त्याने मान हलवली. म्हणाला, त्यांच्याकडे घरटी एक बाई यल्लम्मा असते. देवीला हाक मारून ‘मीच आहे’ म्हणाली असेल, नाहीतर देवीला आपलं नाव सांगत असेल, ‘मीच ही, यल्लम्मा’. दोन्ही तसंच म्हणतात. ऐकल्याशिवाय कळायचं नाही. आणि मग आपणहून म्हणाला की जुन्या काळी त्यांच्याकडची वडार माणसं दगड फोडत रेल्वेबरोबर सगळीकडे गेली. काही परत आली नाहीत. मला घरी आढ्याला खोचलेली आजीची छिन्नी आठवली.

गाडी निघताना त्याने मला मूठभर मिरच्या दिल्या. घेतल्या मी. पुलावरून तुझ्या पाड्याचं ताडाचं झाड दिसत होतं. मी बघितलं आणि सायवनची जीप पकडली.

आता जे पहिल्या पत्रात टाळलं ते लिहितो. श्रुतिकाबाय, मागच्या पत्रात हळू वाच म्हणालो होतो, ते राहू दे. घरातल्या सगळ्यांना बोलाव. तुझ्या आजीला ओटीवर बसव आणि मोठ्याने वाच.

मी सतरा वर्षांचा होतो, हिरी बारा. बा गवत कापायला लांब गेला होता. आमच्या अंगणात माझ्या सोयरिकीची माणसं बसली होती आणि पाड्यातले जाणते पुरुष होते. कोणीतरी आजीच्या मौनाची गोष्ट पाहुण्यांना सांगत होतं. हिरी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “नाय, आजी बोलते. आज बी बोलली, इकडे ऊन म्हणाली. दादानं बी ऐकलं.” सगळे हसले. चाळीस वर्षांचं व्रत मोडायचं आणि म्हणायचं काय, तर इकडे ऊन आहे. मग हसणं थांबलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांनीही पाहिलं.

मी म्हणालो, “मी काय ऐकलं नाय. हिरी खोटं बोलते.”

त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं की ही माणसं उठून जातील. आजीमुळे आपल्या घराला मान होता, खालच्या पाड्यांतली माणसं पेरणीआधी दाणे तिच्या हाताला लावून न्यायची. ते सगळं एका वाक्याने जाईल असं वाटलं. बहीण जाईल असं वाटलं नाही.

हिरीला खडकापाशी नेलं. कपाळ टेकवून ‘मी खोटी’ असं तीनदा म्हणायला लावलं. आजी शेजारीच उभी होती. तिने बोटावर हळद घेतली आणि हिरीच्या कपाळाला लावली. सगळे म्हणाले, नवशीआयने पोरीला माफ केलं. गेले तीन आठवडे मी त्या हळदीचाच विचार करतो आहे. ती माफी नव्हती. ती देवीशिवाय कोणाला हळद लावत नसे. पोरगी खरं बोलली, असंच ती सांगत होती, आणि तिला सांगायला तेवढंच बोट होतं.

मग सगळे तिला खोटी हिरी म्हणायला लागले. चार वर्षांनी लग्न ठरलं तेव्हा हिरी रडत म्हणाली की त्या माणसाच्या घरी बायको आहे, तलासरीच्या बाजारात तिने दोघांना पाहिलं. कोणी ऐकलं नाही. खोटी हिरी म्हणते, कशाला ऐकायचं. मीसुद्धा गप्प होतो. सवत निघाली. सवतीच्या हाताखाली तू किती वर्षं काढलीस ते मला विचारायचा हक्क नाही.

सही करायची की नाही, ते तू सांग. बोर्डावर मौनव्रत राहिलं तर पाड्याची श्रद्धा राहते, पण तू कायमची खोटी होतेस, आता तर ऑइल पेंटमध्ये. ते काढलं तर चौऱ्याहत्तर घरं मला काय म्हणतील, आणि देवी काय करील, मला समजत नाही. होळीच्या दिवशी सकाळी विहिरीवर सगळे जमणार आहेत. नविनला सांगितलं आहे, तू हो म्हणालीस तर जीप दारात उभी राहील.

तुझा भाऊ,
देवजी

*

मुकीपाडा
सोमवार, ता. १७ मार्च २०२५

हिरी,

तू आली नाहीस. नविन दारापर्यंत येऊन गेला, तू घरात होतीस, असं म्हणाला. चिठ्ठीही नाही. बरोबर आहे. मी साठ वर्षं लावली, तू पंधरा दिवसांत का उत्तर द्यावंस.

तेव्हा तुझ्याशिवाय जे झालं ते कळवतो. पुन्हा सगळ्यांना बोलावून वाचलंत तर बरं.

सकाळी विहिरीवर दोनशे माणसं तरी होती. बोर्डावर पांढरं कापड होतं. मी सही दिलीच नव्हती, पण वेळ होत आली म्हणून गुरुजींनी डहाणूच्या परेश पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला होता आणि सहीची जागा मोकळी ठेवली होती. सरपंच निर्मलाताईंनी भाषण केलं. मग म्हणाल्या, “आता देवजीआबा दोन शब्द बोलतील.”

काठी घट्ट धरली आणि बोर्डाकडे न बघता बोललो. लांबण लावली नाही. आजी परमुलखातली होती, दगड फोडणाऱ्या माणसांतली. तिला आपली भाषा येत नव्हती, म्हणून ती बोलत नसे. पाणी तपश्चर्येने आलं नाही, तिने छिन्नी आणि घण घेऊन दोन उन्हाळे खडक फोडला, विहिरीत उतरून बघा, भिंतीला अजून घाव आहेत, आणि छिन्नी माझ्या घरात आढ्याला खोचलेली आहे. ती रोज खडकाशी बोलायची. हिरीने ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं. हिरी खरं बोलली, मी खोटं बोललो.

पाठीमागून एक तरुण पोरगा म्हणाला, “आबाला ऊन लागलं.” थोडे हसले. मी म्हटलं, हो रे बाबा, लागलं खरं.

तेवढ्यात काळीआत्या उठली. खालच्या ओळीतली काळी, तुला आठवत असेल, लग्न होऊन आली तेव्हा तू आठ-नऊ वर्षांची होतीस. आता ऐंशी ओलांडली आहे, दोघींनी धरल्याशिवाय उभी राहत नाही. तिने पदर सावरला आणि मला म्हणाली, “एवढं सांगाया तुला म्हातारा व्हायला लागलं का रे?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“डोकरी बोलायची ते आम्हाला माहीत होतं की. आम्ही साऱ्या बाया पाण्याला यायचो. पयल्या पयल्यांदा म्हणं तिच्या भाषेत बोलायची, मंग आपल्या भाषेत बी. माझ्या पहिल्या बाळंतपणाला तिनंच मला सांगितलं, दात आवळ, वरडू नको. चांगलं स्वच्छ सांगितलं.”

सगळ्या पुरुषांची तोंडं बघायला हवी होतीस. निर्मलाताई हसू दाबत होत्या.

मी विचारलं, “मग कोणी बोललं का नाही?”

“कशाला बोलू? हाल्यानं परक्या जातीची बाई आणली म्हणून त्याला खालच्या पाड्यातनं काढला होता. मंग त्यानंच सोंग केलं, हिला देवीचा नवस हाय, ही बोलत नाय. नवसाच्या बाईला कोण हात लावील? बोलली असती तर तिला ठिवली नसती. तिला आपली भाषा आली तवर पाडा झाला होता तिच्या नावावर. आता कुठं तोंड उघडणार? म्हणून आमच्याशीच बोलायची, पाण्यावर. आम्ही तिचं राखलं.”

“आणि हिरी?”

काळीआत्या म्हणाली, “हिरी बापयांसमोर बोलली. आम्ही कुडामागं उभ्या होतो, पाच-सहा जणी. तू हो म्हणशील म्हणून वाट बघत होतो. तू हो म्हणला असतास तर आम्ही बी बाहेर येऊन म्हणलं असतं. तू नाय म्हणालास.”

बसली ती खाली.

हिरी, मी साठ वर्षं समजत होतो की माझ्या एका ‘हो’ने आजी गेली असती, घर गेलं असतं. कुडामागे सहा बायका तयार होत्या. मला फक्त सुरुवात करायची होती. हे मी तुला समजूत म्हणून लिहीत नाही. माझं जे पाप आहे ते यामुळे जास्तच होतं, कमी होत नाही.

मग बोर्डाचा प्रश्न आला. गुरुजी भले माणूस, चेहरा पडला होता, पण म्हणाले, आबा, काय लिहायचं ते सांगा. मी सांगितलं. निर्मलाताई म्हणाल्या, “आबा, सरकारी बोर्डावर अशी वाक्यं नसतात.” काळीआत्या खालूनच म्हणाली, “मग सरकारला म्हणावं तुझा बोर्ड ने, इहीर आमची हाय.” ताईंनी तिथूनच पेंटरला फोन लावला. परेश पेंटर शनिवारी परत आला. आता असं आहे: ‘नवशीआय हाल्या यांनी या माळावर पहिली वस्ती केली आणि खडक फोडून ही विहीर काढली. त्या रोज देवीशी बोलत असत. हे प्रथम त्यांची नात हिरी हिने सांगितले. ते खरे आहे.’ खाली माझी सही आहे. ‘देवजी’तला ‘व’ वाकडा आला आहे.

नवशी हे नाव ठेवलं. यल्लम्मा घालावं का, यावर बायकांत बराच वेळ चर्चा झाली. काळीआत्यालाही तिचं नाव माहीत नव्हतं. पाण्यावर कोणी विचारलंच नाही, म्हणाली, आपली नवशी म्हणजे नवशी. शेवटी कोणाची हाक आणि कोणाचं नाव ते ठरेना, म्हणून सोडून दिलं. पण मला त्याचा विचार सुटत नाही. ती देवीला हाक मारत असेल की स्वतःचं नाव विसरू नये म्हणून रोज एकदा मोठ्याने म्हणत असेल? चाळीस वर्षं दुसऱ्या नावाने राहायचं आणि सकाळी एकदाच खऱ्या नावाने. नवस आजाने खोटाच सांगितला होता. पण मंगळवार-शुक्रवार उपाशी उभं राहणं खोटं नव्हतं, ते आपण पाहिलं आहे. सोंगातच तिची भक्ती कधी शिरली, की आधीपासून होती, कोणाला विचारू? विचारायला तूच आहेस. तू तिच्या मांडीवर जास्त बसलीस. आणखी काय काय ऐकलं होतंस तू? मी तुला खोटी म्हटल्यावर तू सांगायचंच थांबवलंस. ते सगळं तुझ्याजवळच असेल.

परेशने जुन्या अक्षरांवर पांढरा हात मारला, पण एकच मारला. दहाच्या सुमाराला बोर्डावर तिरपं ऊन पडतं, तेव्हा तुझ्या नावाखाली पुसलेलं ‘मौनव्रत’ अजून दिसतं. पुन्हा रंग देतो म्हणाला. मी नको म्हटलं.

पोरं आता खडकापाशी जाऊन इक्कडे उन्ना, इक्कडे उन्ना करतात. रागावलो नाही.

होळी झाली, आता बोलावण्याला निमित्त उरलं नाही. तरी रोज सकाळी मी विहिरीवर बसतो. नविनची जीप सायवनहून वर चढली की तिचा आवाज उजव्या कानाने ऐकू येतो. आली नाहीस तरी हरकत नाही. पण आलीस तर मी कुठे सापडेन, ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो.

नेने, देवजी. इक्कडे उन्ना.